दातांचं स्केलिंग (मशीनने दातांवरचा थर काढणं) करताना अंगावर फवारा उडतो, असिस्टंटने स्वतःला कसं सांभाळायचं?

डिचोली_असिस्टंट

नमस्कार. मी डिचोलीत एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. क्लिनिक लहान, एकच चेअर, खोली साधारण दहा बाय बारा, वर सीलिंग पण दहा फुटांवर असेल, एक स्प्लिट एसी आणि एक खिडकी. पावसात ती खिडकी उघडता येत नाही कारण झड सरळ आत येते आणि खाली मशीन ठेवलेलं आहे, त्यामुळे जूनपासून पाऊस जाईपर्यंत आम्ही बंद खोलीतच काम करतो. त्यात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मुंबई-पुण्याची माणसं गावाला येतात आणि सगळ्यांना तेव्हाच क्लीनिंग करून घ्यायचं असतं, एकामागून एक पेशंट, मधे नीट पुसायला पण वेळ मिळत नाही.

प्रश्न असा की स्केलिंग झालं की माझ्या चष्म्यावर बारीक बारीक ठिपके असतात, कधी कधी लालसर. ग्लोव्हच्या वर मनगटाला, गळ्याला पण लागलेले असतात. लाइटच्या हँडलवर तर असतातच. सर एन-95 आणि फेस शील्ड घालतात, मला साधा निळा तीन पदरी मास्क मिळतो आणि दुपारपर्यंत तो ओला होऊन चिकटायला लागतो. सक्शन म्हणजे ती वाकवायची बारीक नळी, ती पेशंटच्या ओठात अडकवते आणि दुसऱ्या हाताने गाल धरते.

घरी सासूबाईंना दमा आहे, मुलगी लहान आहे, म्हणून जास्त काळजी वाटते. कोविडच्या वेळी सगळ्यांनी खूप काळजी घेतली पण आता परत आधीसारखंच चाललंय. सर चांगले आहेत, ऐकून घेतात, पण ते म्हणतात चेअरबाहेरचं मोठं सक्शन मशीन घ्यायला आत्ता परवडत नाही. मग त्या मशीनशिवाय काय काय करता येईल? आणि नुसता मास्क बदलून भागेल का? कुणी दातांच्या दवाखान्यात काम करणारे असतील तर खरंच सविस्तर सांगा.

फोंडा_डेंटिस्ट

ताई, प्रश्न अगदी बरोबर जागेवर विचारलात. मी फोंड्यात प्रॅक्टिस करतो. सगळ्यात आधी हे सांगतो की मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. फवारा तोंडातून बाहेर यायच्या आधीच जितका ओढून घेता येईल तितका घ्यायचा, मग जो उरला तो खोलीतून बाहेर घालवायचा, आणि त्यातूनही जो राहील त्याच्यासाठी मास्क-चष्मा. बहुतेक क्लिनिकमध्ये हे उलटं चालतं, सगळा भर मास्कवर आणि सक्शनकडे कुणाचं लक्ष नाही.

आता होतं काय ते बघा. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, मिनिटाला 3 ते 4 लाख फेरे घेतो, स्केलरची टीप सेकंदाला 25 ते 30 हजार वेळा थरथरते, आणि दोन्हीला थंड ठेवायला पाणी सोडावंच लागतं. ते पाणी फुटून त्यात लाळ, रक्त, दातावरचा थर सगळं मिसळतं. साधारण 50 मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब असतात ते सरळ उडतात आणि जवळपासच पडतात, तुमच्या चष्म्यावर, मनगटावर, पेशंटच्या छातीवर. ते दिसतात तरी. त्याहून बारीक असतात ते खाली बसत नाहीत, त्यातलं पाणी सुकतं आणि उरलेला कण हवेत तरंगत राहतो, अर्धा तास पण राहू शकतो. म्हणजे पेशंट उठून गेला, तुम्ही मास्क खाली करून ट्रे आवरताय, तेव्हा पण तुम्ही तीच हवा घेताय. दातांच्या कामांमध्ये सगळ्यात जास्त असा फवारा अल्ट्रासॉनिक स्केलरचाच होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

म्हणून सक्शन. तुम्ही जी बारीक नळी म्हणताय ती तोंडात साचलेलं पाणी काढायला आहे, हवेतला फवारा ओढायची ताकद तिच्यात नाही, तिचं तोंडच लहान. त्यासाठी जाड नळीचं हाय व्हॉल्यूम सक्शन लागतं, टीपचं तोंड 8 मिलिमीटर किंवा मोठं, आणि मिनिटाला 250 लिटरपेक्षा जास्त हवा ओढणारं. ते नीट धरलं तर फवारा 90 टक्क्यांहून जास्त कमी होतो असं प्रयोगांमध्ये दिसलंय. महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच चेअरना हा जाड पाइप असतोच, फक्त हुकवर लटकत असतो आणि कुणी वापरत नाही. उद्या जाऊन बघा तुमच्याकडे आहे का. असेल तर फक्त टीप आणायची, ती काही महाग नाही.

एक मात्र तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच चेअरचं सक्शन कॉम्प्रेसरच्याच हवेवर चालतं, त्यामुळे इकडे हँडपीस (ड्रिलचं हातात धरायचं अवजार) सुरू झाला की तिकडे सक्शनची ओढ कमी होते. तसं असेल तर वेगळ्या मोटरचं सक्शन युनिट घ्यावं लागेल, तो खर्च आहे पण बाहेरच्या मोठ्या मशीनपेक्षा मी तरी आधी यावर पैसे घालीन. आणि सक्शनची जाळी रोज साफ होते का ते पण बघा, जाळी तुंबली की चांगलं मशीन पण निकामी.

म्हापसा_सिस्टर

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं बरोबर, मी फक्त हातात धरायचं कसं ते सांगते कारण तिथेच सगळं अडतं. मी म्हापशाला बरीच वर्षं असिस्टंट आहे.

जाड सक्शन स्केलरच्या टीपपासून एक-दीड सेंटीमीटरवर ठेवायचं, त्याहून लांब गेलं की उपयोग भराभर कमी होतो. आणि आधी सक्शन जागेवर, मग डॉक्टरांनी पेडल दाबायचं. उलटं झालं तर पहिला फवारा उडून जातोच. तिरक्या कापलेल्या तोंडाची बाजू दातांकडे. मी खालच्या डाव्या बाजूला काम चालू असेल तर सक्शननेच गाल बाजूला धरते, म्हणजे वेगळा हात लागत नाही. जीभ किंवा गालाची कातडी आत ओढली गेली तर पेशंट दचकतो, म्हणून टीप कधीच एकदम चिकटवायची नाही, थोडी तिरकी ठेवायची. पहिले काही दिवस मनगट दुखतं, मग सवय होते, पाइप खांद्यावरून किंवा काखेखालून घेतला तर वजन कमी लागतं.

बारीक नळी पण तोंडात राहू दे, पाणी साचायला नको, पण पेशंटला तिच्यावर ओठ मिटू देऊ नका, ओठ घट्ट मिटले की पाइपमधलं पाणी उलट तोंडात येऊ शकतं. लोक ती स्ट्रॉसारखी चोखतात, त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

अजून एक, थ्री वे सिरिंजची, म्हणजे हवा-पाणी सोडायच्या पिचकारीची, दोन्ही बटणं एकदम दाबून धुवायची सवय सगळ्यांना असते. हवा आणि पाणी एकत्र सोडलं की तिथेच फवारा तयार होतो. नुसत्या पाण्याने धुवा, सक्शन लावून ठेवा, मग हळू हवा द्या. हे डॉक्टरांना सांगायला जड जातं खरं पण आमच्या डॉक्टरांनी एकदा ऐकलं आणि तेव्हापासून पाळतात.

सुरू करायच्या आधी पेशंटला गुळण्या. आम्ही 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीन देतो, मिनिटभर तोंडात खळबळायचं. याने लाळेतले जंतू काही वेळ कमी होतात, पण हिरड्यातून नवीन येणाऱ्या रक्ताला किंवा नाक-घशातून येणाऱ्याला काही होत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर बाकी ढिलाई नको. बीटाडीन देत असाल तर आयोडीनची ॲलर्जी, थायरॉइड आणि गरोदरपण विचारूनच द्या.

फिलिंग आणि रूट कॅनालला रबर डॅम (दाताभोवती ताणून लावायचा रबरी पडदा) लावला तर सगळ्यात छान, लाळ मधे येतच नाही, जे उडतं ते बहुतेक नुसतं पाणी. स्केलिंगला अर्थातच लावता येत नाही.

कपड्यांचं सांगते, पूर्ण बाह्यांचा गाऊन घाला आणि ग्लोव्ह बाहीच्या वर ओढा, मग मनगटाला लागणार नाही. गाऊन क्लिनिकमध्येच काढून ठेवा, तोच घालून बसने घरी जाऊ नका. घरी लहान मूल आहे म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिलं.

हवापाणी_मडगाव

मी डॉक्टर नाही, मडगावात एसी आणि व्हेंटिलेशनची कामं करतो, दवाखान्यांची पण केली आहेत. माझ्या विषयापुरतं लिहितो.

ताईंनी एक स्प्लिट एसी सांगितला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, हे बारीक कण नाही. म्हणजे खिडकी बंद, दार बंद, एसी चालू असं असेल तर सकाळपासून जे उडालं ते बरंचसं आतच फिरतंय. थंड वाटतं म्हणून हवा ताजी आहे असं वाटतं, ती ताजी नसते.

आता हिशोब. दहा बाय बारा बाय दहा म्हणजे 1200 घनफूट, साधारण 34 घनमीटर. तासाला खोलीची हवा किती वेळा बदलते यावर सगळं अवलंबून. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात असं दिलंय की तासाला 6 वेळा हवा बदलली तर हवेतले 99 टक्के कण जायला 46 मिनिटं लागतात, 12 वेळा बदलली तर 23 मिनिटं, आणि फक्त 2 वेळाच बदलत असेल तर 138 मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांच्या वर. बंद खोलीत 2 वेळा पण होत असेल असं मला वाटत नाही. आणि हा हिशोब पण हवा सगळीकडे नीट मिसळते असं धरून आहे, कपाटामागच्या कोपऱ्यात त्याहून जास्त वेळ लागतो.

तुमच्या खोलीला 12 वेळा म्हणजे 34 गुणिले 12, तासाला 408 घनमीटर हवा. एक्झॉस्ट फॅनच्या डब्यावर हा आकडा लिहिलेला असतो, सीएमएच म्हणून. पण भिंतीत बसवल्यावर, वर जाळी आणि झडप आल्यावर तेवढा मिळत नाही, म्हणून आकडा थोडा मोठाच धरा. पावसाचा प्रश्न सोपा आहे, बाहेरून पत्र्याचं किंवा फायबरचं खाली वाकलेलं झाकण लावायचं, कोणीही फॅब्रिकेटर करून देईल, आपल्याकडे स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टला लावतातच. फॅन पेशंटच्या डोक्याच्या बाजूला, आणि ताजी हवा यायला समोरच्या बाजूने दाराखाली फट किंवा जाळी. हवा आत यायला वाट नसेल तर फॅन नुसता आवाज करतो. हवा आधी तुमच्याकडून आणि डॉक्टरांकडून जाऊन मग पेशंटच्या तोंडावरून बाहेर जायला हवी, उलट नको. बघायचं असेल तर उदबत्ती पेटवून चेअरजवळ धरा, धूर कुठे जातो ते दिसेल, हीच तपासणी मी पण करतो. मात्र बाहेर काढलेली हवा वेटिंग रूमकडे जाता कामा नये, आणि शेजारच्याच्या खिडकीत पण नको.

एक्झॉस्ट जमत नसेल तर हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक कण अडवणारा) एअर प्युरिफायर. त्याचा सीएडीआर, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा, बघायचा, तो घनमीटरमध्ये असेल तर 34 ने भागा, 300 चा असेल तर तासाला जवळपास 9 वेळा हवा गाळली जाते. मोठ्या स्पीडवर चालवला तरच तो आकडा मिळतो, रात्रीच्या मोडवर नाही. ओझोन किंवा आयोनायझरवाले नको, ओझोन फुफ्फुसाला चांगला नाही, तुमच्या सासूबाईंसारख्या दमेकऱ्यांना तर मुळीच नाही.

डिचोली_असिस्टंट

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी कधी सांगितलं नव्हतं. आज बघितलं, चेअरला जाड पाइप खरंच आहे, मागच्या हुकवर. ओढ कशी आहे ते सरांसोबत बघणार. प्युरिफायर आमच्याकडे आहे पण तो वेटिंग रूममध्ये ठेवलाय कारण तिथे माणसं जास्त बसतात.

अजून दोन-तीन गोष्टी. आम्ही दुपारी आणि संध्याकाळी फॉगिंग करतो, औषधाचा धूर सोडून खोली बंद, त्याने होतं ना? दुसरं, गेल्या आठवड्यात स्केलिंग करताना माझ्या डोळ्यात थेंब गेला, चष्म्याच्या बाजूने, मी पाण्याने धुतला आणि पुढचा पेशंट घेतला. तेव्हापासून मनात भीती आहे. आणि हिपॅटायटिसचं इंजेक्शन मी एकच घेतलंय, कामावर लागले तेव्हा, पुढची राहिली.

बांबोळी_नर्स

बाय, आधी डोळ्याचं. मी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये, काम करते, इन्फेक्शन कंट्रोलचं माझं रोजचंच. डोळ्यात थेंब गेला की लगेच काम थांबवायचं, वाहत्या पाण्याने किंवा सलाइनने 15 मिनिटं धुवायचा, चोळायचा नाही, लेन्स घालत असाल तर काढायची. मग डॉक्टरांना सांगायचं आणि पेशंट कोण होता ते लिहून ठेवायचं. रक्त असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जायचं. एचआयव्हीची बचावाची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, काही तासांत सुरू करायची असतात आणि 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. तुमची ती वेळ निघून गेलीय, पण घाबरू नका, डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडून एचआयव्ही होण्याचा धोका 0.1 टक्क्याहूनही कमी, साधारण 0.09 टक्के धरतात, आणि तोही पेशंटला एचआयव्ही असेल तर. तरी मनात ठेवून बसू नका, जिल्हा हॉस्पिटलमध्ये किंवा बांबोळीला जाऊन रक्त तपासून घ्या, किती दिवसांनी परत तपासायचं ते तिथे सांगतील.

मला त्याहून जास्त काळजी हिपॅटायटिस बीची वाटते. तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो आणि बाहेर पृष्ठभागावर आठवडाभर टिकतो. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहाव्या महिन्याला. एक घेऊन राहिला असाल तर पहिल्यापासून परत सुरू करायची गरज नसते, राहिलेले दोन पुरे करायचे, हे डॉक्टरांना दाखवून ठरवा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायचा, 10 किंवा जास्त आला म्हणजे संरक्षण तयार झालं.

आणि हे तुम्ही विनंती म्हणून मागायची गोष्ट नाही. 2016 च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांमध्ये दवाखान्याने आपल्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी तपासणी करायची आणि ट्रेनिंग द्यायचं, असं सरळ लिहिलंय. लहान क्लिनिकना पण लागू आहे.

मास्कचं. तीन पदरी मास्क समोरून उडणारा थेंब अडवतो पण बाजूने उघडा असतो, श्वास ओढला की हवा तिथूनच आत येते. स्केलिंगला असिस्टंटला पण एन-95 हवाच, कारण तुमचं नाक पेशंटच्या तोंडापासून डॉक्टरांच्या इतकंच लांब असतं. कानामागे अडकवायच्या दोरीपेक्षा डोक्यामागे जाणारे दोन पट्टे असलेला जास्त घट्ट बसतो. घातल्यावर दोन्ही हात ठेवून जोरात श्वास सोडा, नाकाजवळून हवा डोळ्यांकडे आली तर बसलेला नाही, चष्म्यावर वाफ आली तरी तेच समजा. व्हॉल्व्हवाला नको, त्यातून तुमचा श्वास न गाळता पेशंटवर जातो. ओला झाला की बदला, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत तो लवकर ओला होतो. फेस शील्ड मास्कच्या ऐवजी नाही, ती खालून आणि बाजूने उघडी असते. पण डोळ्यांसाठी ती किंवा बाजू बंद असलेला गॉगल पाहिजेच, नुसता नंबरचा चष्मा पुरत नाही, ते तुमच्या अनुभवावरून दिसतंच.

फॉगिंगने पुढच्या पेशंटच्या वेळी उडणारं काही थांबत नाही, आणि ते औषध नीट बाहेर न काढता तुम्ही आत आलात तर तेच छातीत जातं. त्यापेक्षा एक्झॉस्ट चालू ठेवा आणि लाइटचं हँडल, ट्रे, चेअरची बटणं, सक्शनचे पाइप प्रत्येक पेशंटनंतर पुसा. हँडल आणि बटणांवर प्लास्टिकची फिल्म लावली तर काम अजून हलकं होतं. आणि प्युरिफायर चेअरच्या खोलीत आणा, फवारा तिथे उडतो.

डॉक्टर_वास्को

मी थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका. कोविडमध्ये भीतीपोटी सगळ्यांनी मोठमोठी मशीनं घेतली, आज बऱ्याच ठिकाणी ती कोपऱ्यात पडून आहेत. 2020 च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये (आधीचे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) 16 अभ्यास आणि 425 माणसांचा डेटा तपासला होता, त्यातल्या एकाही अभ्यासाने प्रत्यक्ष कुणी आजारी पडलं का हे मोजलेलं नव्हतं, फक्त लॅबच्या प्लेटवर किती जंतू वाढले ते मोजलं. पुराव्याचा दर्जा पण कमीच ठरवला. लहान क्लिनिकने किती खर्च करायचा? दर पेशंटनंतर 23 मिनिटं थांबलो तर गावातल्या प्रॅक्टिसचं गणित बसत नाही.

फोंडा_डेंटिस्ट

सर, रिव्ह्यूबद्दल बरोबर आहे, मी पण तो वाचलाय. पण आजार मोजलेला नाही याचा अर्थ आजार होत नाही असा होत नाही, आणि ताईंच्या चष्म्यावरचे लाल ठिपके मोजायला अभ्यासाची गरज नाही. वर आम्ही सगळ्यांनी जे सुचवलं त्यात, सक्शनची वेगळी मोटर सोडली तर, फार महाग काही नाही, जाड सक्शन, गुळण्या, एक्झॉस्ट. थांबायच्या वेळेबद्दल म्हणाल तर हवा जितक्या जास्त वेळा बदलेल तितकं कमी थांबावं लागेल, म्हणून तर एक्झॉस्ट आधी. शिवाय अपॉइंटमेंट लावताना सगळी स्केलिंग सलग न घेता मधे तपासणी, टाके काढणं, डेंचरचं माप अशी फवारा न उडणारी कामं घातली तर आपोआप वेळ मिळतो आणि एकही पेशंट कमी होत नाही. मी असंच करतो. ताप-खोकला असलेल्याचं किंवा टीबीचा संशय असलेल्याचं स्केलिंग पुढे ढकलायचं, ते तातडीचं काम नसतं. दोन-तीन दात असतील तर हाताच्या स्केलरने पण होतं.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही, पाणी. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2021 च्या अभ्यासात असं आढळलं की कामाच्या वेळी आजूबाजूला पडलेल्या थेंबांतले बहुतेक जंतू लाळेतले नव्हते, हँडपीसमधून येणाऱ्या पाण्यातले होते. चेअरच्या बारीक नळ्यांमध्ये पाणी रात्रभर साचतं आणि आतून चिकट थर धरतो. इटलीत 2011 साली एक 82 वर्षांची बाई लीजनेअर्स आजाराने (पाण्यातल्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया) गेली, तिच्यात सापडलेला जंतू डेंटल चेअरच्या पाण्यात मिळाला होता. जो जंतू पेशंटच्या तोंडात जातो तो फवाऱ्यातून तुमच्या छातीत पण जातो. आपल्याकडे विहिरीचं पाणी, टँकरचं पाणी, गच्चीवरची टाकी, मग तेच चेअरला. त्यापेक्षा वेगळी बाटली लावा, त्यात डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी, रात्री बाटली रिकामी करून सुकत ठेवा. प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस आणि स्केलर 20 ते 30 सेकंद चालवून नळी धुवायची, पण ते पण सक्शनच्या तोंडाशी धरून, हवेत नाही. नळ्यांसाठी औषध मिळतं ते कंपनीने सांगितल्याप्रमाणे. सीडीसीने मर्यादा सांगितलीय मिलिलिटरला 500 सीएफयू (जिवंत जंतू मोजायचं माप), पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये विचारलं तर मोजून मिळतं.

डॉक्टर_वास्को

अपॉइंटमेंट मिसळून लावायचं पटलं, ते आम्ही नक्की करू शकतो. पाण्याचं पण मान्य. माझा मुद्दा मोठ्या मशीनबद्दल होता.

म्हापसा_सिस्टर

ताई, सरांशी बोलताना सगळं एकदम मागू नका, आधी जाड टीप, तुमचा एन-95 आणि राहिलेले दोन डोस, एवढंच. एक्झॉस्ट चवथ झाल्यावर. आणि पेशंट नसताना सरांना सक्शन घेऊन आणि न घेऊन स्केलर चालवायला सांगा, खाली काळा कागद धरा, किती थेंब पडतात ते त्यांना पण दिसेल. आमच्याकडे सगळ्यात जास्त काम त्या कागदाने केलं.

डिचोली_असिस्टंट

काळ्या कागदाचं केलं. काही न बोलता सरांनी लगेच टीपची ऑर्डर दिली, एन-95 चा डबा पण आला. प्युरिफायर आत आणला. मी उद्या रक्त तपासायला म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलमध्ये जातेय, लसीचं तिथेच विचारीन. एक शेवटचं, ह्या प्लास्टिकच्या टीप एकदा वापरायच्याच आहेत ना, त्या आणि एन-95 कुठल्या पिशवीत टाकायचे? आमच्याकडे सगळं पिवळ्यातच जातं.

बांबोळी_नर्स

टीप आणि बारीक नळी प्लास्टिकची म्हणून लाल पिशवीत. मास्क, एन-95, रक्त लागलेला कापूस पिवळ्यात. स्टीलच्या टीप घेतल्यात तर त्या टाकायच्या नाहीत, लगेच आतून ब्रशने धुऊन, पाउचमध्ये घालून ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करायच्या, वाळलेलं रक्त आत राहिलं तर वाफ तिथपर्यंत पोचत नाही. आणि रिपोर्ट आला की इथे नको, मला मेसेज करा.